पावसाच्या पाण्याला परवाना?

पाऊस म्हटला की आपल्या वार्षिकात दोन-चार कविता हमखास येतात. प्रस्तुत लेख मात्र पाऊस पडून गेल्यावर गटारात काय जाते याविषयी आहे. विषय रुक्ष खरा, पण मला तो टाळता येत नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील गवंडीकाम करतात. गेल्या जूनमध्ये आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला एका इमारतीचा पाया खणला जात होता आणि वडील त्याच कामावर होते. पहिल्या मोठ्या पावसात तिथला मुरूम ओघळून खाली आला, गटार तुंबले आणि घोटाभर लाल चिखल आमच्या घरात शिरला. "माती कुठे टाकायची ते मुकादम ठरवतो," एवढेच वडील म्हणाले आणि घमेल्याने तीच माती उपसू लागले.

ही माती कोणाची, असे कायदा विचारू शकतो काय? या प्रश्नाचा शोध घेताना अमेरिकेतील एक व्यवस्था माझ्या वाचनात आली.

तेथे १९७२ साली संसदेने स्वच्छ जल कायदा केला. नळ, चर वा गटार यांतून नदीत दूषित पाणी सोडायचे तर परवाना हवाच, हे त्याचे सूत्र. रोख अर्थातच कारखान्यांच्या सांडपाण्यावर होता. पावसाच्या पाण्याची गटारे लाखो. प्रत्येकाला परवाना कोण देणार, म्हणून पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७३ मध्ये त्यांतील बहुतेकांना सूट देऊन टाकली. नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल ही संघटना न्यायालयात गेली. काम अवघड आहे म्हणून कायद्यातून सूट देण्याचा अधिकार तुम्हाला नाही, असा निर्णय अपील न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. पुढे १९७८ ते १९८३ या काळात २८ ठिकाणी पाहणी झाली, तेव्हा रस्त्यांवरून वाहून येणाऱ्या पाण्यात तांबे, शिसे आणि जस्त सर्रास सापडले. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात जाते. हे पाणी मात्र बहुतेक शहरांत वेगळ्या गटारांतून थेट नदीत! अखेर १९८७ मध्ये कायदा दुरुस्त झाला. १९९० च्या नियमांनी एक लाख वा अधिक वस्तीची शहरे, ठरावीक प्रकारचे उद्योग आणि ५ एकरांवरील बांधकामे परवान्याखाली आली. १९९९ च्या नियमांनी ही मर्यादा १ एकरावर आणली आणि अनेक लहान शहरांनाही त्यात ओढले.

मला सर्वांत जवळचा वाटला तो बांधकामाचा भाग. उघड्या बांधकामावरून वाहून जाणारी माती शेतजमिनीच्या तुलनेत १० ते २० पट असते, असा तेथील अंदाज आहे. म्हणून खोदकामाला हात लावण्यापूर्वीच आराखडा लिहावा लागतो : उतार कोणीकडे, पाणी कुठून बाहेर पडेल, त्याला अडवणार कसे. उताराच्या तळाशी कापडाचे बुटके कुंपण उभारतात. त्याचे बूड जमिनीत पुरलेले असते, नाहीतर पाणी खालून निसटते. गाळ बसण्यासाठी तळे खणतात. फाटकापाशी जाड खडीचा थर असतो, म्हणजे ट्रकच्या चाकांचा चिखल रस्त्यावर येण्याआधीच झडतो. काम चौदा दिवस वा अधिक थांबणार असेल तर उघडी माती झाकायला लगेच सुरुवात करायची. केंद्रीय परवान्यानुसार दर सात दिवसांनी पाहणी. किंवा दर चौदा दिवसांनी आणि शिवाय पाव इंच पाऊस झाला की चोवीस तासांच्या आत. पाव इंच म्हणजे जेमतेम सहा मिलिमीटर. आपल्याकडे एवढ्याला आपण पाऊसही म्हणत नाही!

कारखान्याची परीक्षा तर फारच साधी आहे. पाणी वाहू लागल्यापासून शक्यतो पहिल्या अर्ध्या तासात स्वच्छ पारदर्शक बाटलीत नमुना धरायचा आणि डोळ्यांनी पाहायचा : रंग, वास, गढूळपणा, फेस, तेलाचा तवंग. पहिल्याच पाण्यात सहसा घाण अधिक असते, म्हणून ही घाई.

नगरपालिकेची गोष्ट जरा गमतीची. ती एकाच वेळी फौजदारही आणि आरोपीही. गटारांचा परवाना तिच्या नावावर. चोरून जोडलेले मैल्याचे नळ तिनेच शोधायचे, इतरांची बांधकामेही तिनेच तपासायची. पण काम टाळले तर दंडही तिलाच होऊ शकतो.

या व्यवस्थेत खोट नाही असे नाही. पाहणी करणारा बहुधा मालकाचाच माणूस असतो. कुंपण आडवे पडलेले असताना वहीत 'ठीक' लिहायला कितीसा वेळ लागतो? तथापि तेथे सामान्य नागरिकालाही परवाना मोडणाऱ्यावर थेट दावा लावता येतो, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. वही खोटी असली तर खालच्या अंगाला राहणारा माणूस तरी ते दाखवून देऊ शकतो.

आपल्याकडे १९७४ चा जल कायदा आहे आणि सांडपाणी सोडायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. पण आमच्या घरात आलेल्या मुरमाला सांडपाणी म्हणायचे की नाही, हे आमच्या वस्तीत कोणीच मला सांगू शकले नाही.

हा लेख मी वडिलांना वाचून दाखवला. खटल्यांच्या भागात त्यांना जांभई आली. खडीच्या थरापाशी मात्र त्यांनी मला थांबवले, फाटक केवढे रुंद ते विचारले आणि मनाशी हिशेब करून म्हणाले, "तीन ब्रास खडी. जास्त नाही लागायची."