मेणबत्तीवाल्याचा शेरा
घरी शिकणाऱ्या मुलांचं लेखन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शाळा सोडून घरीच शिकणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांचं आठवी-नववीपर्यंत फारसं अडत नाही. गणिताचं उत्तर पुस्तकाच्या मागे सापडतं, रसायनशास्त्र व्हिडिओंवर निभावतं. गाडी रुतते ती लेखनापाशी. मुलगी चौदा वर्षांची झालेली असते. वर्षा-दोन वर्षांत मुक्त विद्यालयाची म्हणजे एनआयओएसची दहावी द्यायची, किंवा १७ नंबरचा अर्ज भरून राज्य मंडळाच्या परीक्षेला बसायचं. तिनं लिहिलेलं पानभर हातात घेऊन बाबा बसलेले असतात, आणि याला चांगलं म्हणावं की वाईट, हेच त्यांना कळत नाही. मग क्लासची चौकशी होते, परदेशी अभ्यासक्रमाची किंमत विचारली जाते, नाहीतर मो. रा. वाळंब्यांचं व्याकरण पहिल्या पानापासून सुरू होतं.

या धावपळीमागे काही समजुती आहेत. त्यातल्या बऱ्याचशा शाळेतूनच घरी आलेल्या आहेत.

गैरसमज : लेखन शिकवायला भाषेचा जाणकारच हवा

वस्तुस्थिती : बॉस्टनमध्ये १७०६ साली जन्मलेल्या बेंजामिन फ्रँकलिनच्या वाट्याला शाळा आली ती जेमतेम दोन वर्षं. दहाव्या वर्षी वडिलांनी त्याला घरच्या धंद्यात घेतलं. वडील जोसाया मेणबत्त्या आणि साबण बनवत. बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. तिथं असताना एका मित्राशी त्याचा पत्रांतून वाद जुंपला. विषय होता, मुलींना शिकवावं की नाही. फ्रँकलिन शिकवावं या बाजूचा. तीन-चार पत्रं इकडून तिकडे गेली आणि ती नेमकी वडिलांच्या हाती पडली.

वडील वादात पडले नाहीत. छापखान्यात असल्यामुळे तुझं शुद्धलेखन आणि विरामचिन्हं मित्रापेक्षा बरी आहेत, पण भाषेचा डौल, मांडणी आणि स्पष्टपणा यांत तू कमी पडतोस, असं त्यांनी सांगितलं आणि पत्रातल्या जागा काढून दाखवल्या. मुलाला ते पटलं.

मेणबत्तीवाल्यानं इथं केलं काय? लक्ष देऊन वाचलं आणि कुठे काय झालं ते सांगितलं. ‘इथं मी अडखळले’, ‘हा मुद्दा दोनदा आलाय’, ‘कारण सांगतो म्हणालास, पण सांगितलंच नाहीस’, एवढं बोलायला भाषेची पदवी लागत नाही. उलट हे ‘छान आहे’पेक्षा कितीतरी उपयोगाचं असतं, कारण त्यावर मूल काहीतरी करू शकतं. चाळीस वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला प्रत्येक पानाशी इतका वेळ बसता येत नाही. घरी येतं.

गैरसमज : भरपूर वाचलं की लेखन आपोआप येतं, नक्कल मात्र करू नये

वस्तुस्थिती : फ्रँकलिन वाचनवेडा होता, तरीही वडिलांना त्या त्रुटी सापडल्याच. त्यानंतर त्यानं जे केलं ते आत्मचरित्रात तपशीलवार नोंदवलं आहे. ‘स्पेक्टेटर’ या लंडनच्या नियतकालिकाचा एक खंड त्याच्या हाती आला. त्यातला आवडलेला लेख घ्यायचा, प्रत्येक वाक्यातल्या आशयाची त्रोटक टिपणं काढायची, ती काही दिवस बाजूला ठेवायची आणि मग मूळ लेख न पाहता टिपणांवरून तो पुन्हा लिहायचा. शेवटी मुळाशी ताडून पाहून चुका दुरुस्त करायच्या. आपला शब्दसंग्रह तोकडा पडतोय हे लक्षात आल्यावर त्यानं गद्य गोष्टी पद्यात आणल्या आणि मूळ गद्य विसरल्यावर त्या पुन्हा गद्यात उतरवल्या. कधी टिपणांचे कागद मुद्दाम विस्कटले आणि काही आठवड्यांनी त्यांचा क्रम लावला. मांडणी शिकण्याची ही त्याची तालीम.

मराठी घरात हे जसंच्या तसं करता येतं. वर्तमानपत्रातला बरा अग्रलेख घ्यावा, किंवा दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मधला एखाद्या महिन्यावरचा लेख. टिपणं काढून वही आठवडाभर मिटून ठेवावी. लेखिकेनं एका शब्दात उरकलेलं सांगायला आपल्याला दोन ओळी का लागल्या, हे मुलाला पुनर्लेखन मुळाशी ताडतानाच दिसतं.

याला संशोधनाचाही आधार आहे. स्टीव्ह ग्रॅहॅम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावर झालेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यातून उपयोगी ठरलेल्या ११ गोष्टी समोर आल्या. सर्वांत वरच्या दोन म्हणजे आखणी, लेखन आणि सुधारणा यांच्या पायऱ्या उघडपणे शिकवणं, आणि सारांशलेखन. चांगले नमुने अभ्यासणं याच यादीत आहे, पण त्याचा परिणाम बेताचा. म्हणजे नुसतं वाचायला देऊन भागत नाही, वाचलेल्याचं काहीतरी करावं लागतं.

गैरसमज : आधी व्याकरण पक्कं, मग लेखन

वस्तुस्थिती : त्याच आढाव्यात व्याकरणाचे नियम सुटे शिकवण्याचा लेखनाच्या दर्जावरचा परिणाम उणे निघाला. १९६३ साली अमेरिकेतच ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांनी लेखनशिक्षणावरच्या संशोधनाचा धांडोळा घेतला, तेव्हाही निष्कर्ष याच दिशेचा होता.

याचा अर्थ शुद्धलेखन वाऱ्यावर सोडावं असा नाही. साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ मध्ये भर पडलेले चार, असे एकूण अठराच नियम आहेत. ‘कवी’, ‘गुरू’ यांचा शेवट दीर्घ, हे मुलाच्या स्वतःच्या लेखनात चूक सापडेल तेव्हा दाखवलं की ध्यानात राहतं. विभक्तीचा तक्ता घोकण्याऐवजी वाक्यसंकलन करून घ्यावं. ‘पाऊस थांबला. मुलं बाहेर आली. अंगणात पाणी साचलं होतं.’ या तीन वाक्यांचं एक करा : ‘पाऊस थांबताच मुलं पाणी साचलेल्या अंगणात उतरली.’ आता दुसऱ्या रीतीनं करा. तिसऱ्या करा. वाक्यं जोडण्याचा हा सराव त्या अकरा गोष्टींपैकीच एक आहे.

नियम घोकण्याआधी भाषा येते याचं मराठीतलं उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. त्यांना लिहितं-वाचतं केलं ते घरी, नवऱ्यानं. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत गणली जातात ती बोलल्यासारख्या भाषेमुळे.

गैरसमज : प्रत्येक चुकीवर लाल शाई हवी

वस्तुस्थिती : रिचर्ड हॅस्वेल या अमेरिकी प्राध्यापकानं १९८३ मध्ये आपली पद्धत लेखातून मांडली. विद्यार्थ्याच्या ज्या ओळीत चूक असेल तिच्यासमोर समासात फक्त एक खूण करायची. चूक कोणती ते सांगायचं नाही, दुरुस्तही करायचं नाही. निम्म्याहून अधिक चुका विद्यार्थ्यांनी स्वतःच शोधून सुधारल्या. म्हणजे त्या अज्ञानाच्या नव्हत्याच, घाईच्या होत्या. उरलेल्या मात्र शिकवण्याजोग्या, आणि त्या इतक्याच असतात की एका बैठकीत समजावता येतात.

घरात याचा आणखी एक फायदा आहे. पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याची आई यांच्यात लाल पेन आलं की वही बंद होते. समासातल्या खुणेवर कुणी चिडत नाही.

गैरसमज : लेखन म्हणजे निबंध, आणि निबंध म्हणजे साचा

वस्तुस्थिती : ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’ आणि ‘मी पंतप्रधान झालो तर’ यांनी पालकांची एक अख्खी पिढी घडवली, त्यामुळे घरशाळेतही तेच विषय उतरतात. प्रत्यक्षात राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत पत्र, सारांश, बातमी, जाहिरात आणि कथा यांना जागा आहे. केंब्रिजच्या आयजीसीएसईतल्या ‘प्रथम भाषा इंग्रजी’मध्ये दिलेला मजकूर वाचून त्यावर आधारित लेखन करावं लागतं. अमेरिकी विद्यापीठांच्या सामायिक अर्जात २५० ते ६५० शब्दांचा व्यक्तिगत निबंध असतो, आणि तिथं साच्याचा उपयोग नाही.

साच्यावर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी एक उदाहरण. अमेरिकेच्या सॅट परीक्षेत २००५ साली सक्तीचा निबंध आला. एमआयटीतल्या लेस पेरेलमन यांनी गुण मिळालेले नमुने तपासले, तेव्हा लांबी आणि गुण हातात हात घालून चालत असल्याचं त्यांना दिसलं. २०१६ मध्ये हा निबंध ऐच्छिक झाला आणि २०२१ मध्ये बहुतेक विद्यार्थ्यांसाठी बंदच. ज्यांनी फक्त त्याचीच तयारी केली होती, त्यांच्या हातात साचा उरला.

गैरसमज : आधी मुद्दे काढा, मग एकदाच नीट लिहा

वस्तुस्थिती : जॅनेट एमिग यांनी बारावीच्या आठ विद्यार्थ्यांना मोठ्यानं विचार करत लिहायला लावलं आणि १९७१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. पाठ्यपुस्तकांनी सांगितलेला रीतसर मुद्द्यांचा आराखडा मुलं क्वचितच करत होती, आणि शाळेसाठी लिहिलेल्या मजकुरावर स्वतःहून फिरून हातही फारसा फिरवत नव्हती. आखणीचा उपयोग होतोच, पण लिहिताना ती बदलते, हेही मुलाला माहीत हवं. घरशाळेत तासाची घंटा नसते. सोमवारी लिहिलेलं पान गुरुवारी मोठ्यानं वाचून पुन्हा लिहिणं इथं सहज जमतं.

गैरसमज : इंग्रजी सुधारायचं तर मराठी लेखन थांबवा

वस्तुस्थिती : कॅनडातले भाषाअभ्यासक जिम कमिन्स १९७९ पासून सांगत आले आहेत की एका भाषेतली साक्षरता दुसऱ्या भाषेला आधार देते. मुद्द्यांचा क्रम लावणं, उदाहरण देणं, विरोधी मत मांडून त्याला उत्तर देणं ही कौशल्यं भाषेबरोबर बदलत नाहीत. एनआयओएसची दहावी मराठी माध्यमातून देता येते आणि मराठी हा विषयही घेता येतो. आजीला मराठीत पत्र लिहिणारी मुलगी इंग्रजी निबंधाचीही तयारीच करत असते.

मग या सोमवारी सुरुवात कुठून करायची? आठवड्याला एक सारांश, एक पुनर्लेखन आणि घराबाहेरच्या कुणासाठी तरी लिहिलेला एक खरा मजकूर. उघड्या गटाराबद्दल महापालिकेला अर्ज, वर्तमानपत्राला वाचकाचं पत्र, मामाला सायकल दुरुस्तीच्या सूचना. घराबाहेरच्या वाचकाची बाब फ्रँकलिनलाही ठाऊक होती. १७२२ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्यानं भावाच्या वर्तमानपत्रासाठी एका विधवेच्या टोपणनावानं पत्र लिहिलं आणि रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवलं. दुसऱ्या दिवशी भावाचे मित्र ते वाचत होते, तारीफ करत होते, हे कुणा नामवंताचं असेल याचे अंदाज बांधत होते. उमेदवार पोरगा तिथंच उभा राहून सगळं ऐकत होता. त्या वर्षात त्यानं त्याच नावानं एकूण चौदा पत्रं लिहिली.