बोलक्या हातांचे दुभाषी

कर्णबधिर मातेस दुर्धर व्याधि जडावी, आणि डॉक्टरांचें निदान तिला खुणांनीं सांगण्याचें काम तिच्या दहा वर्षांच्या मुलीवर यावें, याहून कठोर प्रसंग कोणता? आईला रडविण्याचें धैर्य न होऊन ती पोर अर्धें सत्य गिळून टाकते. तिला दोष कोण देईल? उणीव आहे ती शिकलेल्या दुभाष्याची.

असे दुभाषी अमेरिकेंत वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट विद्यापीठांत पदवीपर्यंतचें शिक्षण घेऊन तयार होतात. बधिरांच्या या विद्यालयास पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष लिंकन यांनीं १८६४ सालीं सही केली.

"हातवारे शिकण्यास विद्यापीठ कशाला?" असें कोणी विचारील. परंतु हातांचा आकार, स्थान व हालचाल यांपासून खरोखरीची भाषा बनते, हें विल्यम स्टोकी यांनीं १९६० सालीं दाखवून दिलें. ती आत्मसात् झाल्यावर, कानांनीं पुढील वाक्य ऐकत असतांच हातांनीं मागील वाक्य सांगण्याचा अभ्यास करावा लागतो. हा श्रम इतका कीं, दीर्घ सभेंत दोघे दुभाषी आळीपाळीनें काम करतात. पदरचें घालावयाचें नाहीं, ऐकलेलें गाळावयाचें नाहीं व गुपित फोडावयाचें नाहीं, हा त्यांचा धर्म.

भारतीय खुणांची भाषा अमेरिकन भाषेहून निराळी. तिचे दुभाषी घडविणारा दोन वर्षांचा पदविका-अभ्यासक्रम आपल्या देशांतही आहे. २०१५ सालीं दिल्लींत स्थापन झालेल्या केंद्रांत तो चालतो. आपल्या सुशिक्षित मुलामुलींनीं तिकडे अवश्य वळावें. मग निदान दुभाषी सांगेल, आणि त्या मुलीला आईचा हात नुसता हातांत घेऊन बसतां येईल.