पाइनला गडद फिनिश देताय? मग आधी परत आलेल्या टेबलाची गोष्ट ऐका



दुकानात घरी बनवलेलं छोटं फर्निचर ठेवायला लागलो, तेव्हाची गोष्ट. पहिली मोठी ऑर्डर आली: एक कॉफी टेबल आणि दोन साइड टेबलं. ताई म्हणाल्या, "रंग शिसमसारखा गडद हवा, आमच्या जुन्या कपाटाला शोभेल असा." लाकूड होतं पाइनचं. मी डार्क वॉलनट स्टेनचा डबा आणला, दोन हात मारले आणि खूश होऊन झोपलो.

सकाळी बघतो तर काय! टेबलावर ढगांसारखे डाग, जोडाजवळ पांढुरके ठिपके आणि कडा जवळजवळ काळ्या. तारीख दिलेली होती, म्हणून तसंच पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिन्ही नग परत. ताई भांडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तुम्हाला हे दिसलं नव्हतं का?"

दिसलं होतं, तेच तर लागलं मनाला. सगळं घासून परत करण्यात तीन दिवस गेले आणि त्या ऑर्डरचा नफाही गेला.

चूक कुठे झाली?

गडद रंगाने चुका झाकल्या जातील असं आपल्याला वाटतं. होतं नेमकं उलटं. स्टेन म्हणजे पेंट नव्हे, तो लाकडात मुरतो. जिथे जास्त मुरेल तिथे काळं, कमी मुरेल तिथे फिकं. पाइन एकसारखा रंग पीतच नाही, म्हणून डाग. जोडातून बाहेर आलेला फेविकॉल नीट पुसला नाही, तर तिथे रंग धरतच नाही, म्हणून ठिपके. आणि फळीचं कापलेलं टोक सगळ्यात जास्त रंग ओढतं, म्हणून काळ्या कडा.

आता मी असं करतो

1. घासणी: आधी 80, मग 120, मग 180 नंबरचा पॉलिशपेपर. नेहमी रेषांच्या दिशेने. आडवा ओरखडा तेव्हा दिसत नाही, स्टेन लावला की हसतो आपल्यावर. फळी 180 वर थांबवायची, कारण लाकूड जितकं गुळगुळीत तितका रंग कमी धरतो. टोकं मात्र मुद्दाम 220 ने घासायची, म्हणजे ती कमी रंग पितात.

2. ओला फडका: घासून झालं की पिळलेला ओला फडका फिरवा. उरलेला गोंद वेगळा दिसतो, तिथे पुन्हा घासा. तंतू उभे राहतात, तेही सुकल्यावर 180 ने हलकेच काढा.

3. पातळ लाखेचा हात: मेण काढलेली चपडी लाख, एक लिटर स्पिरिटला साधारण 100 ग्रॅम. पूर्ण विरघळली की कापडातून गाळा आणि एकच हात मारा. सुकल्यावर हलकं घासा. यामुळे पाइन रंग एकसारखा घेतं. मात्र यावर ऑइल बेस स्टेनच लावा. स्पिरिटवाला स्टेन खालची लाखच विरघळवतो.

4. स्टेन: सुती फडक्याने लावा, काही मिनिटांनी जास्तीचा पुसून घ्या. किती मिनिटं ते डब्यावर लिहिलेलं असतं. आणखी गडद हवा? पहिला हात पूर्ण सुकू द्या, मग दुसरा पातळ हात. एकच जाड थर दिला तर तो चिकट राहतो.

5. वरचं कोटिंग: पीयू किंवा मेलामाईन, पातळ हातांनी. पावसाळ्यात दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येऊ शकते. त्यामुळे पावसाळी ऑर्डरला दोन-तीन दिवस जास्तच मागून घ्या.

एक जपायचं: ऑइल स्टेनचे फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. आतल्या आत तापून ते पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून सुकवा. काम करताना खिडक्या उघड्या आणि तोंडाला मास्क.

सगळ्यात स्वस्त विमा: नमुन्याचा तुकडा

त्याच फळीचा वीतभर तुकडा घ्या. वरच्या पाचही पायऱ्या आधी त्याच्यावर, अगदी कोटिंगपर्यंत. कोटिंग बसलं की रंग आणखी गडद दिसतो, त्यामुळे नुसत्या स्टेनवर निर्णय घेऊ नका. तुकडा ग्राहकाला दिवसाच्या उजेडात दाखवा, पसंत पडला की मागे सही आणि तारीख घ्या. मग "मी असा रंग सांगितला नव्हता" हा वादच उरत नाही.

आणि बिलावर स्पष्ट लिहा: "पाइनवुड, शिसम रंगाचं फिनिश." नुसतं "शिसम" लिहून विकणं ही फसवणूक आहे.

हिशोबात घासणी धरा

नवीन माणूस लाकूड आणि डब्याचे पैसे धरतो, स्वतःचे तास विसरतो. समजा लाकूड 900 रुपये, फिनिशिंगचं सामान 350. घासणी-पॉलिशचे 5 तास, तासाला 100 रुपये, म्हणजे 500. सुतारकाम, भाडं आणि नफा जोडायच्या आधीच 1,750 झाले. तुम्ही टेबल 1,800 ला विकलंत, तर ते जवळजवळ फुकट दिलंत.

ताईंची टेबलं मी दुरुस्त करून दिली. जाताना त्यांना नमुन्याचा तुकडाही दिला, पुढे कधी जोडीची वस्तू हवी असेल तर रंग जुळावा म्हणून. काही महिन्यांनी तोच तुकडा घेऊन त्या परत आल्या. बुकशेल्फ हवं होतं.

या रविवारी ऑर्डर घेऊ नका. एक वीतभर तुकडा घ्या आणि पाचही पायऱ्या करून बघा.