वापरलेल्या रोडस्टर मोटारीची निवड

रोडस्टर म्हणजे उघडता येणारे छत असलेली दोन आसनी क्रीडामोटार होय. भारतात अशा मोटारी अल्प संख्येने विकल्या गेल्याने वापरलेल्या गाड्यांमध्ये पर्याय मर्यादित असतात. पालघर, बोईसर आणि तारापूर या किनाऱ्यालगतच्या भागात इंजिनाच्या शक्तीपेक्षा सांगाडा व छत यांची स्थिती अधिक निर्णायक ठरते.

इंजिनाचे पर्याय

बंगळूरच्या सॅन मोटर्सची ‘सॅन स्टॉर्म’ ही भारतीय बनावटीची रोडस्टर होय. तिचे बाह्यांग फायबरग्लासचे असून तिच्यात रेनोचे १,१४९ सीसी क्षमतेचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आहे. परदेशी मोटारींपैकी बीएमडब्ल्यू झेड४ च्या दुसऱ्या पिढीतील ‘३५आय’ आवृत्तीत ३ लिटरचे, सहा सिलिंडरांचे टर्बो इंजिन आहे. मर्सिडीज एसएलके ३५० मध्ये ३.५ लिटरचे, टर्बोविरहित व्ही-६ इंजिन असते. दोन्हींची शक्ती ३०६ अश्वशक्ती आहे. पोर्शे बॉक्सस्टरचे इंजिन आसनांच्या मागे असते. जगभर लोकप्रिय असलेली माझदा एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे विकली गेलेली नाही.

टर्बो इंजिन कमी फेऱ्यांवरही चांगला जोर देते; मात्र त्यात उष्णता अधिक निर्माण होते. त्यामुळे तेलबदलाच्या नोंदी, रबरी नळ्या आणि शीतकरण यंत्रणा तपासणे आवश्यक असते. टर्बोविरहित इंजिनाची रचना तुलनेने साधी असते.

किनारी हवामानाचा परिणाम

समुद्री हवेतील क्षारांमुळे पोलाद लवकर गंजते. औद्योगिक परिसरातील आम्लधर्मी वायूंमुळे ही क्रिया अधिक वेगवान होऊ शकते. रोडस्टरला स्थिर छताचा आधार नसल्याने तिची मजबुती मुख्यतः तळ आणि दारांखालच्या पट्ट्यांवर अवलंबून असते. हे भाग गंजल्यास दुरुस्ती अवघड व खर्चिक होते. फायबरग्लासचे बाह्यांग गंजत नाही, परंतु त्याखालील पोलादी भाग गंजू शकतात.

छताभोवतीचे पाणी वाहून नेणारे मार्ग पालापाचोळ्याने तुंबल्यास पावसाचे पाणी तळाशी साचते आणि विद्युत जोडण्या किंवा छत हलवणारा पंप निकामी होऊ शकतो. म्हणून गालिचाखालचा ओलावा पाहणे आणि छत अनेकदा उघडून-मिटून पाहणे उपयुक्त ठरते. पावसाळ्यानंतर केलेल्या तपासणीत गळती सहज लक्षात येते.

नोंदणी

पालघर जिल्ह्यातील वाहनांना वसई येथील परिवहन कार्यालयाचा एमएच-४८ हा क्रमांक मिळतो. मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. शेजारच्या गुजरात किंवा दमण येथील गाडी कायमस्वरूपी आणायची असल्यास ना हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रातील मोटार वाहन कर आणि नवा नोंदणी क्रमांक आवश्यक असतो. खासगी पेट्रोल मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. गाडीचे इंजिन बदललेले असल्यास त्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात असावी लागते. त्यामुळे व्यवहारापूर्वी इंजिन व सांगाड्यावरील क्रमांक प्रमाणपत्राशी ताडून पाहिले जातात.