अर्धे तळे, अर्धे रान

गेल्या वर्षी भाऊबीजेला लेक अकोल्याहून अमरावतीला आली, ती माझ्या नातवाची एक मागणी घेऊनच. फटाके नकोत, सायकल नको. त्याला हवी होती काचेची पेटी, आणि तीही नुसत्या माशांची नव्हे. "आबाजी, अर्ध्यात पाणी, अर्ध्यात जंगल. वरून धबधबा पडला पाहिजे." इतके बोलून त्याने वहीतले चित्र माझ्यापुढे ठेवले. चित्रात मासे होते, नेचे होते, आणि धबधब्याच्या टोकाला एक वाघही होता. वाघ वगळण्याच्या अटीवर मी होकार दिला.

अशा पेटीला पॅलुडेरियम म्हणतात, हे मला मागाहून कळले. 'पालुस' म्हणजे लॅटिन भाषेत दलदल. आपण तिला पाणथळ-पेटी म्हणू. कल्पना परकी वाटली तरी वऱ्हाडी माणसाला ती नवी नाही. जुन्या विहिरीच्या ओल्या चिऱ्यांतून हंसराज डोकावतो आणि खाली पाण्यात मासोळ्या फिरतात, ही पाणथळ-पेटीच की! आमच्या जिल्ह्यात दर्यापूर तालुक्यातल्या महिमापूरला सात मजली पायविहीर आहे. वर ऊन, पायऱ्यापायऱ्यांनी वाढत जाणारी सावली आणि तळाशी पाणी. तिचाच नमुना डोळ्यांपुढे ठेवून मी कागदावर रेघा ओढायला बसलो.

थोडा इतिहास सांगितला पाहिजे. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ साली पतंगाचा कोष पाहण्यासाठी एका बाटलीत ओली माती घालून ती बंद करून ठेवली. कोषाचे राहिले बाजूला. बाटलीत नेचा उगवला आणि बंद काचेत वाढू लागला. पुढे रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली दाखवून दिले, की मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवल्या तर पाणी टिकते. सुरुवातीला गोगलगाई नव्हत्या, तेव्हा सडक्या पानांनी पाणी गढूळ झाले होते. त्या आल्या आणि पाणी निवळले. 'ॲक्वेरियम' हा शब्द फिलिप गॉस यांच्या १८५४ सालच्या पुस्तकाने रूढ केला. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, आणि त्यानंतर कितीतरी घरांतल्या मुलांनी काचेच्या पेटीचा हट्ट धरला असेल.

असो. पेटी मी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दोन फूट उंच ठरवली. पाणी मात्र आठच इंच. हिशेब केला तर सुमारे सत्तर लिटर होते; दगड वजा जाता साठ. जोडणीला सिलिकॉन वापरले. इथे पहिली सावधगिरी: न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारे औषध असते, आणि ते माशांनाही सोडत नाही. साधे, औषध नसलेले, लावताना शिरक्यासारखा वास येणारे सिलिकॉन घ्यावे, आणि वास पूर्ण जाईपर्यंत पेटीला आठवडाभर हात लावू नये.

सगळे यथासांग झाले. माघात पेटी तयार झाली. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून मी हट्टाने नळ वर्ज्य केला. दर्यापूरकडे माझ्या पुतण्याची शेती आहे. तो भाग खारपाण पट्ट्यातला, पूर्णेच्या खोऱ्यातला. बोअरचे पाणी जिभेला लागताच कळते. पण त्याच्या शेततळ्यात पावसाचे गोडे पाणी असते. त्याने बिचाऱ्याने दोन मोठे निळे डबे भरून आणून दिले. आठवडाभर पाणी निवळू दिले. मग नातवाच्या हस्ते सहा गप्पी मासे सोडले. सकाळी सहाच्या सहा पाण्यावर पोट वर करून तरंगत होते.

नातू रडला नाही. "आबाजी, तुम्ही तर मास्तर होते ना?" एवढेच म्हणाला. चाळीस वर्षांच्या नोकरीत माझा असा पराभव कोणी केला नव्हता.

मी आधी सिलिकॉनला दोष दिला, मग कूलरच्या पंपाला, मग मासेवाल्याला. शेवटी सौभाग्यवतीच म्हणाली, "मुलांना प्रयोग करून बघा म्हणत होता, तसा आता तुम्ही करा." तीन बरण्या घेतल्या. पहिलीत दोन दिवस उघडे ठेवलेले नळाचे पाणी. दुसरीत त्याच शेततळ्याचे पाणी, पण स्टीलच्या कळशीतून आणलेले. तिसरीत निळ्या डब्यातले उरलेले पाणी. प्रत्येकीत दोन-दोन गप्पी. हे करताना मन खात होते, पण दुसरा उपाय सुचेना. दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन बरण्यांत मासे मजेत होते. तिसरीतले दोन्ही गेले होते.

पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काकाजी, डबा चांगला तीनदा खंगाळला व्हता मी. शेततळ्यात तं बेडकं पोहून राह्यले."

"डब्यात आधी काय होतं?"

जरा वेळ तो बोललाच नाही. मग म्हणाला, "फवारणीचं औषध कालवत व्हतो त्याच्यात. पऱ्हाटीवर मारायचं." आणि आणखी थोड्या वेळाने, अगदी हळू आवाजात, "काकाजी, कापूस वेचाले बाया येतात ना, त्याहीचं प्यायचं पाणी त्याच डब्यातून जाते."

वाचकहो, त्या क्षणी माझी पेटी, धबधबा, महिमापूरची विहीर, सारे मनातून पुसले गेले. पिकांवर फवारली जाणारी कित्येक कीटकनाशके, विशेषतः पायरेथ्रॉइड जातीची, माशांना अत्यल्प प्रमाणातही मारतात. आणि ती प्लॅस्टिकला अशी चिकटतात, की तीनदा खंगाळून जात नाहीत. माणूस माशासारखा एका रात्रीत उलटा होत नाही, म्हणून आपल्याला वाटते की काही झाले नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण वाचले, हळहळलो, आणि विसरलो. मी तर चहा पिता पिता वाचले होते.

पुतण्या त्याच संध्याकाळी शेतात गेला. डबे खिळ्याने भोके पाडून निकामी केले, म्हणजे पुन्हा कोणी पाणी भरायला नको. जाळू मात्र दिले नाहीत. तो धूरही विषारीच. बायांसाठी दोन नवे पांढरे डबे घेतले. फवारणीच्या बादलीवर लाल रंगाने मोठे फुलीचे चिन्ह काढले, कारण सगळ्यांनाच वाचता येत नाही.

मग मी पुन्हा पेटीकडे वळलो. जुने पाणी, रेती, माती सारे टाकून दिले, आणि प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला: "तू पाण्यात काय सोडशील?" त्या चौकशीचा सारांश करू पाहणाऱ्यांसाठी देतो.

दगड आपल्या मातीतला काळा बेसाल्टच घ्यावा. त्यावर लिंबाचा रस किंवा शिरका टाकावा. फेस आला तर त्यात चुना आहे, तो पाणी कडक करील. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरे चकचकीत खडे सापडतात; त्यांतले काही असे फसफसतात. ताजे सिमेंट तर चुन्याचे भांडारच. वापरायचेच असेल तर कित्येक आठवडे पाणी बदलत भिजवावे. तांब्या-पितळेची मूर्ती कितीही सुंदर असो, पाण्यात नको. तांब्याच्या लोट्यातले पाणी आपण कौतुकाने पितो, पण मासे आणि विशेषतः गोगलगाई यांना तांबे विषासमान आहे. जस्ताचा पत्राही तसाच. लाकूड जुने, वाळलेले, उकळून घेतलेले असावे. पाण्याला चहाचा रंग आला तर घाबरू नये. कडुनिंबाला मात्र लांबूनच नमस्कार.

जमिनीच्या बाजूला मातीचा ढीग रचू नये. तो खचतो आणि पाण्यात उतरतो. मी पीव्हीसी नळीचे तुकडे उभे करून त्यांवर जाळी टाकली, जाळीवर खडी, खडीवर बारीक कापड आणि मग स्वच्छ धुतलेला नारळाचा भुसा. शेतातली काळी माती घेतली नाही. तिच्यात खतही असते आणि फवाराही. काठावर ब्राह्मी लावली, ती पाण्यात आणि पाण्याबाहेर दोन्हीकडे खुशाल राहते. दगडांच्या सांध्यात हंसराज. मनीप्लँटची मुळे थेट पाण्यात सोडली. ती माशांच्या मळातून तयार झालेले नायट्रेट शोषतात.

धबधब्याला कूलरचाच पंप लावला. पण सावध! दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. अर्थिंग नीट हवे, गळती होताच वीज तोडणारे बटण बसवलेले हवे, आणि हात पाण्यात घालण्यापूर्वी पिन काढलेली हवी. खोलीत डासांचे औषध जाळणेही बंद केले; त्यातही बहुधा पायरेथ्रॉइडच असते.

सर्वांत कठीण वस्तू बाजारात मिळत नाही, ती म्हणजे धीर. माशांच्या मळातून अमोनिया होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, आणि दुसरे त्याचे नायट्रेट. हे जिवाणू दगडांवर आणि रेतीत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर माशांशिवाय, चिमूटभर खाद्य टाकून, पाणी फिरते ठेवायचे. या वेळी नळाचेच पाणी घेतले, दोन दिवस उघडे ठेवून. सहा आठवडे नातू अकोल्याहून रोज फोन करी, "आबाजी, झाले का?" आणि मी म्हणे, "अजून नाही."

चैत्रात आठ गप्पी सोडले. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, तेव्हा खरी परीक्षा झाली. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर पस्तीस अंशांना सातच. म्हणून मासे कमी आणि पाणी खळाळते ठेवावे. दुपारी वीज गेली की मी वाटीने पाणी वर घेऊन ओतीत बसे. सौभाग्यवती म्हणे, "मला कधी इतका वारा घातला नाहीत!"

पावसाळ्यात हंसराजाला नवी पाने फुटली. गप्पींना पिले झाली. ती वडाळीच्या तळ्यात सोडावी असे नातवाला वाटत होते. मी नको म्हटले. गप्पी दक्षिण अमेरिकेतले, आपल्या तळ्यातल्या माशांचा घास ते पळवतील. मागे त्याने कासवही मागितले होते, तेही नाकारले. आपली रानकासवे पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ती काचेत शोभत नाहीत.

आता पेटी अकोल्याला गेली आहे. ती मांडीवर सांभाळत मी ज्या रस्त्याने नेली, त्याच अमरावती-अकोला महामार्गावर २०२२ साली पंचाहत्तर किलोमीटर डांबरीकरण एकशे पाच तास तेहेतीस मिनिटांत करून जागतिक विक्रम झाला होता. रिकामी पेटी, ओल्या गोणपाटात झाडे आणि दोन पिशव्यांत मासे. विक्रमाच्या रस्त्यावर मी चालकाला दर मैलाला "हळू रे बाबा" म्हणत होतो.

परवा पुतण्याचा फोन आला. यंदाच्या फवारणीला त्याने तोंडाला फडके, हातमोजे, सारे घेतले होते, आणि शेजारच्या चार शेतकऱ्यांचे डबेही भोके पाडून आला होता. "काकाजी," तो म्हणाला, "लोकं इचारतात, तुले हे कोणं शिकवलं? म्या म्हनतो, सहा मासोळ्याईनं."

नातवाला मी ते सांगितले. तो बराच वेळ पेटीकडे पाहत राहिला. मग त्याने वही काढली, जुन्या चित्रातला वाघ खोडला, आणि धबधब्याच्या टोकाला एक पांढरा डबा काढला.