दोन मिलिमीटरचा स्क्रू

आमच्या घरात नवी वस्तू आली, की सौ.चा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ही आहे तशी राहणार, की तुम्ही हिच्यात सुधारणा करणार?" प्रश्नात खोच असली तरी तो अगदीच अनाठायी नाही. आमच्या इस्त्रीने, टेबलफॅनने आणि दोन रेडिओंनी माझ्या सुधारणा सोसल्या आहेत. त्यांपैकी एक रेडिओ अजून बोलतो.

तेव्हा कॅमेऱ्याचा ड्रोन घरी आला त्या दिवशीच मी तिला वचन देऊन टाकले, की याला हात लावणार नाही. हे वचन मी मोडले. कसे मोडले आणि त्याचे काय झाले, ते सांगण्यासाठीच हा लेख.

गुहागरकडे आमचे वडिलोपार्जित घर होते. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, मागे पोफळीची वाडी आणि रहाटाची विहीर. वाटण्या झाल्या आणि गेल्या दिवाळीनंतर घर उतरवायचे ठरले. त्याआधी सगळ्यांनी एक दिवाळी तिथे करावी आणि घराचे वरून एक चांगले छायाचित्र घेऊन ठेवावे, अशी माझी फार इच्छा होती. ड्रोन त्यासाठीच घेतला. रीतसर नोंदणी केली, उडवायला मनाई नसलेली जागा आहे हे नकाशावर पाहून घेतले. पण त्याच्या चिमुकल्या कॅमेऱ्यातून सावलीतली कौले नुसती काळी येत. माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामा, त्यात काय! माझा कॅमेरा खाली बसवू. तासाभराचं काम."

तासाभराचे काम दोन दिवस चालले. ड्रोनचे वजन ७०० ग्रॅम. कॅमेरा, तो बसवायची पट्टी आणि तो जमिनीला टेकू नये म्हणून लावलेले उंच पाय मिळून २१० ग्रॅमची भर पडली. हे पाय मोटरींच्या खालीच बसवायचे होते. मूळचे स्क्रू आखूड पडले, म्हणून भाच्याने डब्यातून जरा लांब स्क्रू शोधून काढले. आम्हां दोघांनाही ही गोष्ट इतकी किरकोळ वाटली, की तिच्याबद्दल चकार शब्दही निघाला नाही.

पहिल्या दिवशी ड्रोन दोनदा उडाला. आवाज थोडा जड वाटला. एरवी तो २० मिनिटे उडे. आता तेराव्या मिनिटालाच बॅटरी संपल्याची सूचना आली. हे का, ते मला नंतर समजले. वजन तीस टक्क्यांनी वाढले, की हवेत तरंगत राहायला लागणारी शक्ती तीस नव्हे, जवळजवळ पन्नास टक्क्यांनी वाढते. बॅटरी तेवढीच, मोटरी त्याच. त्यांच्याकडून दीडपट काम आम्ही फुकटात करून घेऊ पाहत होतो.

नरक चतुर्दशीच्या सकाळी ऊन छान पडले होते. अंगणात मुलांचा किल्ला चालला होता. माझा सात वर्षांचा नातू बुरुजावर मावळे उभे करत होता. मी ड्रोन अंगणावर वीस मीटर उंच नेला आणि कॅमेरा सरळ खाली रोखला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सौ.ची हाक आली, "मुलांनो, चकली गरम आहे, या!" मुले उठून पळाली.

वर एक कर्कश आवाज झाला. ड्रोन एका बाजूला कलला, गिरकी घेत उलटा झाला आणि धोंड्यासारखा खाली आला. किल्ल्याचा मधला बुरूज भुईसपाट झाला. नातू जिथे उकिडवा बसला होता, तिथे मातीत रुतून पंख्याचे एक पाते अजून थरथरत होते.

कुणीच काही बोलले नाही. भाचा मटकन ओट्यावर बसला. सौ. दारात आली; तिने किल्ल्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि आत जाऊन मुलांना जवळ घेऊन बसली. वीस मीटरवरून वस्तू पडायला दोन सेकंद लागतात. हवेचा रोध सोडला, तर जमिनीला टेकताना तिचा वेग ताशी ७० किलोमीटर असतो. हा हिशेब मी त्या रात्री केला आणि मला झोप आली नाही.

पुण्याला आल्यावर एका दुरुस्ती करणाऱ्या पोराने मोटर उघडून दाखवली. आमचा स्क्रू गरजेपेक्षा दोन मिलिमीटर लांब होता. त्याचे टोक आतल्या तांब्याच्या वाइंडिंगला टेकले होते. थरथरीने घासून घासून तारेवरचा लेप गेला, तारा एकमेकींना भिडल्या आणि मोटर जळाली. विमानाचे इंजिन बंद पडले तरी पंखांच्या आधाराने ते काही अंतर तरंगत जाते. चार मोटरींच्या आमच्या ड्रोनला तो आधार नव्हता. दोन मोटरी एका दिशेने फिरतात, दोन उलट दिशेने. त्यांतली एक गेली, की सगळा तोल गेला.

आणि हे काही आमच्यासारख्या हौशी लोकांच्याच नशिबी येते असे नाही. २२ डिसेंबर २०१५ रोजी इटलीत मॅडोन्ना दि काम्पिल्यो येथे बर्फावरच्या शर्यतीत ऑस्ट्रियाचा मार्सेल हिर्शर उतारावरून येत असताना चित्रण करणारा मोठा ड्रोन त्याच्या पाठीमागे हाताच्या अंतरावर आदळला. व्यावसायिक माणसांचा ड्रोन पडतो, तिथे आमच्या डब्यातल्या स्क्रूंची काय कथा!

आकाशातून पहिले छायाचित्र घेतले ते नादार या फ्रेंच माणसाने, १८५८ साली, पॅरिसजवळ, बलूनमधून. पुढे १८६३ मध्ये त्याचे प्रचंड बलून हॅनोव्हरजवळ फरफटत गेले, तेव्हा तो आणि त्याची पत्नी दोघेही जखमी झाले. पण त्याने जोखीम घेतली ती स्वतः पाळण्यात बसून. आपण मात्र जमिनीवर सुखरूप उभे राहून बटणे दाबतो, आणि आपल्या चुकीखाली उभा असतो तो दुसराच कुणीतरी.

म्हणून हौशी वाचकांना एवढेच सांगणे. बनवणाऱ्याने वजन, मोटरी, बॅटरी आणि स्क्रूसुद्धा एकमेकांशी जुळवून ठेवलेले असतात. त्यातले एक बदलले तर बाकीचे पुन्हा तपासा. वजन वाढले की कायद्यातला वर्गही बदलू शकतो : २०२१ च्या नियमांनी २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो ठरवला, आणि हे वजन वर लादलेल्या सामानासकट धरले. बदल केलाच, तर मोकळ्या माळावर, थोड्या उंचीवर, पुष्कळ वेळ उडवून पाहा आणि प्रत्येक उड्डाणानंतर मोटरींना हात लावून पाहा. एखादी इतरांपेक्षा जास्त तापली असेल, तर ती काहीतरी सांगते आहे. आणि मूळचा असो वा सुधारलेला, माणसांच्या डोक्यावर ड्रोन नेऊ नका.

कॅमेरा फुटला, पण त्यातले कार्ड वाचले. पडण्यापूर्वीचे शेवटचे चित्र आता आमच्या दिवाणखान्यात आहे. लाल कौले, पोफळीची हिरवी वाडी, विहिरीचे गोल तोंड. आणि अंगणात किल्ल्यापासून स्वयंपाकघराकडे धावणारी पाच मुले. सर्वांत मागे आमचा नातू आहे. पाहुणे घराचे कौतुक करतात. मी दर वेळी त्याचे आणि किल्ल्याचे अंतर मोजतो. ते जेमतेम चार पावले आहे.

घर आता उतरवले आहे. परवा मी नवा मिक्सर आणला. सौ.ने काही विचारायच्या आतच मी म्हणालो, "आहे तसाच राहणार."