नोंदणीचा नवा प्रोग्रॅम कशात बांधावा?

सभासद बंधूंनो, गेल्या हंगामात आमच्या खात्याकडून एका सभासदाच्या लागणीची तारीख चुकली. जुलैची आडसाली पूर्वहंगामीत गेली, तोड लांबली, उसाला तुरा आला अन् वजन घटले. आम्ही चूक कबूल केली, पण त्या घराचे नुकसान काही भरून आले नाही.

म्हणून नवा प्रोग्रॅम करावयाचे ठरले. आपल्याच एका सभासदाचे चिरंजीव भाईंदरला असतात व हेच काम करतात. मिठागरांचे म्हणून ऐकलेले हे गाव आता इमारतींनी भरून गेले आहे. घर सापडेपर्यंत आमची दमछाक झाली. बसल्या बसल्या आम्ही विचारले, "ॲक्सेस घ्यावे की डॉटनेट?" ते म्हणाले, "काका, आधी सांगा, नोंद भरतो कोण आणि कुठे?"

खरेच आहे. चिटबॉय बांधावर उभा राहून वहीत लिहितो, गट ऑफिसातला कारकून दोन दिवसांनी ते संगणकावर चढवतो. चूक शिरते ती इथेच.

आपला जुना प्रोग्रॅम फॉक्सप्रोमधला. त्याची पुढची आवृत्ती निघणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने २००७ सालीच सांगितले. २०१५ च्या जानेवारीत उरलासुरला आधारही संपला. ॲक्सेसमध्ये पडदे झटपट होतात, परंतु त्याची फाइल २ जीबीपुढे जात नाही. तेव्हा माहिती सर्व्हरवर पोस्टग्रेसमध्ये ठेवावी, ते फुकट मिळते, आणि भरण्याचा पडदा निराळा करावा, असे त्यांचे मत पडले. उद्या पडदा बदलला तरी नोंदी जागच्या जागी राहतात.

वारणेचा अनुभवही त्यांनी सांगितला. तिकडे १९९८ पासून गावोगाव संगणक केंद्रे झाली. पुढे ७ गावांत ८ महिने तीच माहिती साध्या मोबाइलवर एसएमएसने देऊन पाहिली. २००७ च्या अहवालाप्रमाणे खर्च कमी आला व शेतकऱ्यांनाही तेच पसंत पडले.

आम्हांला हे पटले. चिटबॉयचा पडदा मोबाइलवर राहील. रेंज नसली तर नोंद फोनमध्ये थांबेल अन् रेंज येताच पुढे जाईल. कचेरीतल्या याद्यांपुरते ॲक्सेस त्याच माहितीला जोडता येते. आमची अट एकच, मराठी युनिकोडमध्येच हवी. जुन्या फाँटमुळे 'पाटील' शोधले तर एकही पाटील सापडत नाही!

आडसालीच्या नोंदींपासून दोन गटांत सुरुवात करू. नोंद होताच गट नंबर, जात व लागणीची तारीख यांचा संदेश आपल्या फोनवर येईल. तारखेत फरक दिसल्यास त्याच दिवशी गट ऑफिसात कळवावे.